शेततळ्याचा कागद

निवृत्त झालेल्या माणसाला काहीतरी वेड लागतंच. कुणी भजनी मंडळात जातो, कुणी सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतो. आमच्या ह्यांना गाडीचं वेड लागलं. आणि ती साधी गाडीही नव्हे. आत झोपायला दोन बाक, स्वयंपाकाचा छोटा ओटा, हात धुवायला बेसिन, कपाट, असं चाकांवरचं अख्खं घर. दिंडोरीकडच्या एका द्राक्ष बागायतदाराने ती फार वर्षांपूर्वी कुठल्याशा परदेशी माणसाकडून घेतली होती, बागेत येणाऱ्या पाहुण्यांना उतरवायला. पाहुण्यांना ती आवडली नाही. मग ती बांधाच्या कडेला उभी राहिली, टायर बसले, पत्र्यावर शेवाळ आलं. हे एकदा त्या बागायतदाराच्या ट्रॅक्टरचे ब्रेक बघायला गेले आणि गाडी ठरवूनच परत आले.

मला विचारलं का? नाही. संध्याकाळी चहा पिता पिता सांगितलं, "तुला कोकणातून पार गोव्यापर्यंत नेतो. वाटेल तिथे थांबायचं, समुद्रासमोर चहा करायचा."

मी म्हटलं, "समुद्राला एस.टी. जाते. आणि चहा मीच करणार ना?"

ते हसले. त्या हसण्याच्या शेवटी खोकला आला, तेव्हा मी त्याकडे लक्ष दिलं नाही. नाशिकमध्ये सध्या कोण खोकत नाही? कुंभाच्या कामांसाठी सगळे रस्ते उकरून ठेवलेत.

सिडकोतल्या आमच्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. तिथे हे धूड कुठे ठेवणार? म्हणून ते ओढून सायखेड्याला नेलं, आक्कांच्या शेतावर. आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. आई लहानपणीच गेली, तेव्हा आक्कांनीच ह्यांना न्हाऊमाखू घालून वाढवलं. आता त्या सत्तरी ओलांडून गेल्यात. मुलगा आणि सून शेती बघतात, पण घरातली सुई आक्कांना विचारल्याशिवाय हलत नाही. भावाने असलं भंगार आणून दारात उभं केलं, तरी त्या एवढंच म्हणाल्या, "ठेव बाबा. तुझी हौस हाय."

आम्ही आठवड्यातून एकदोनदा स्कूटरवरून जायचो. मी शिवणाचे क्लास घेत असे, त्यामुळे गाद्यांचे अभ्रे आणि पडदे माझ्याकडे. बाकी सगळं ह्यांच्याकडे. खरं सांगायचं तर मलाही हळूहळू त्यात गोडी वाटायला लागली होती. खिडकीचं माप घेताना मी मनातल्या मनात बाहेर समुद्र बसवून बघत असे.

पण खोकला काही जाईना. जिना चढताना हे मधल्या पायरीवर थांबून कुलुपाची किल्ली शोधल्याचं नाटक करू लागले. मी हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. फोटो झाले, नळीत फुंकर मारून झाली. मग डॉक्टरांनी विचारलं, "कामाला कुठे होतात?"

हे अंबडच्या एका छोट्या कारखान्यात ब्रेकच्या पट्ट्या घासायच्या मशीनवर होते. गाडीच्या ब्रेकमध्ये जी जाड करडी पट्टी बसते, ती मापात घासून भोकं पाडायचं काम. त्या पट्ट्यांमध्ये ॲस्बेस्टॉस असे. कारखान्यात कुणी ते नावही घेत नसे, सगळे नुसतं "पावडर" म्हणत. हे संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. शेजारच्या बायका मला विचारायच्या, "तुमच्या ह्यांची पिठाची गिरणी आहे का हो?" आम्ही हसायचो.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, "कामाचे कपडे घरी कोण धुवायचं?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. कपडे मीच धुवायचे, दुसरं कोण धुणार? आणि धुवायच्या आधी गॅलरीत उभी राहून फटाफट झटकायचे. धूळ पाण्यात गेली की तिचा चिखल होतो आणि कपड्याला बसतो, म्हणून आधी झटकायचं, मग भिजवायचं. आईने तसंच शिकवलं होतं आणि मी वर्षानुवर्षं तसंच केलं.

डॉक्टरांनी सांगितलं की फुफ्फुसं कडक होत चाललीत, हे आता उलटं फिरणार नाही, फक्त सांभाळायचं आणि नवी धूळ आत जाऊ द्यायची नाही. जाता जाता मलाही म्हणाले, तुमचाही एकदा छातीचा फोटो काढून ठेवा. मी अजून काढलेला नाही. काढून पुढे काय करायचं?

मला वाटलं, आता गाडीचं खूळ सुटेल. उलट वाढलं. माणसाला दिवस कमी आहेत असं कळलं की तो हट्टी होतो. नाकातोंडाला रुमाल बांधून, माझी बोलणी खात, ते पुढच्याच आठवड्यात सायखेड्याला गेले आणि ओट्यामागची फळी काढायला घेतली. मी बाहेर आक्कांबरोबर भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. थोड्या वेळाने हे खाली उतरले, गाडीचं दार हळूच लावून घेतलं आणि कांदा साठवायच्या चाळीला टेकून बसले.

"काय झालं?"

"तेच आहे," ते म्हणाले. "शेगडीच्या मागे. हीटरच्या भोवतीपण. पांढरट करडा बोर्ड. कोपरा तुटलाय आणि तुटल्या जागी तंतू दिसतात."

"कशावरून तेच?"

"आयुष्यभर नाकातोंडात घेतलंय. ओळखणार नाही का?"

मला त्या गाडीचा इतका संताप आला की वाटलं, आगपेटी आणून लावून द्यावी. कारखान्यात जे भोगलं ते भोगलं, ते पुन्हा हौसेने शोधून, घासाघीस करून, ओढून घरच्या दारात आणून ठेवलं होतं.

नुसत्या डोळ्यांनी खात्री होत नाही, हे परगावी असलेल्या आमच्या मुलीने फोनवर बजावलं. तिनेच मुंबईची एक प्रयोगशाळा शोधली. तुटका कोपरा पाण्याने भिजवून, नखाएवढा तुकडा दोन पिशव्यांत बंद करून आम्ही पाठवला. उत्तर आलं, ॲस्बेस्टॉस आहे. तिथल्या बाई फोनवर फार चांगलं बोलल्या. बोर्ड धड असेल तर छेडू नका, वर रंग द्या आणि राहू द्या, म्हणाल्या. पण आमचा बोर्ड तुटलेला. आणि ही काही भिंत नव्हती. खड्ड्यांतून आदळणारी गाडी होती. प्रत्येक धक्क्याला ते झडणार आणि आम्ही त्याच्यासमोर झोपणार. म्हणजे काढायलाच हवा होता.

पण काढणार कोण? असली कामं करणारे लोक कारखान्यांची छपरं काढतात, एका गाडीसाठी कुणी यायला तयार नव्हतं. महापालिकेत फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणाली, "घंटागाडीत टाका ना काकू." आमचा घंटागाडीवाला कचऱ्यावर उभा राहून पायाने दाबतो. मी एकदा वैतागून म्हटलं, भंगारवाल्याला द्या आणि मोकळे व्हा.

हे कधी आवाज चढवत नाहीत. तेव्हा चढवला. "माझ्या छातीत आहे तेवढं पुरे. माझ्या हातून आता हे कुणाच्याही छातीत जायला नको. गाडी निघाली नाही तरी चालेल. हे नीट निघालं पाहिजे."

एवढं बोलून त्यांना दम लागला. त्यानंतर मी भंगारवाल्याचं नाव काढलं नाही.

काम मी करायचं ठरलं, कारण हे आत जाऊ शकत नव्हते. ह्यांना वारा येतो त्या बाजूला, लांब आंब्याखाली खुर्ची टाकून बसवलं. आक्कांना आणि सुनेला घरात बसायला सांगितलं. मी पावसाळी सूट चढवला, तोंडावर मुलीने पाठवलेला घट्ट मास्क, हातात रबरी मोजे. सायखेड्याच्या उन्हात तो अवतार म्हणजे उकडीचा मोदक. पाण्यासाठी द्राक्षबागेत फवारणी करतात तो पाठीवरचा पंप घेतला, नवाकोरा, त्यात साबणाचं पाणी. आंब्याखालून सूचना सुरू होत्या.

"आधी भिजव. पुन्हा भिजव. ओरबाडू नकोस, स्क्रू फिरव."

"स्क्रू गंजलाय."

"मग त्याच्यावर पाणी मार आणि थांब. झाडू लावायचा नाही. काही पडलं तर ओल्या फडक्याने उचल आणि फडकंही टाक."

"तुम्ही गप्प बसा, धाप लागेल."

बोर्ड अख्खे निघाले, एकही मोडला नाही. मग गुंडाळायचं काम, त्यात मला कुणी शिकवायची गरज नव्हती. ह्यांनी त्यासाठी शेततळ्याचा कागद आणला होता. शेततळ्यातलं पाणी जमिनीत मुरू नये म्हणून तळाला अंथरतात, तो जाडजूड काळा प्लास्टिकचा कागद. तो वर्षानुवर्षं टिकतो, फाटत नाही. मी बोर्ड, फडकी, मोजे, पावसाळी सूट, सगळं त्यात घालून कोपरे दुमडले, चिकटपट्टीने बंद केले आणि वरून पुन्हा दुसरा कागद तसाच गुंडाळला. सुटकेसला कव्हर शिवावं तसं नेटकं गाठोडं झालं. हे लांबूनच बघत होते. म्हणाले, "कारखान्यात तुलाच साहेब करायला हवं होतं."

त्या दिवशी आम्ही दोघं फार खूश होतो. आयुष्यात पहिल्यांदा ती पावडर आमच्या मुठीत होती.

गाठोडं न्यायचं कुठे, हे मात्र सुटलं नाही. असला कचरा पुरायची जागा आहे, पण तिथे कारखान्यांचा माल जातो, त्यांच्या नोंदणीने. तुमचं बघू, कळवतो, तिथले लोक म्हणाले. तोवर आम्ही ते कांद्याच्या चाळीच्या मागच्या कोपऱ्यात ठेवलं.

ह्यांनी आक्कांना समोर बसवून सांगितलं, "आक्का, ह्याला हात लावायचा नाही. विषारी आहे."

"कसलं इख?" आक्कांनी विचारलं.

ह्यांनी बारीक तंतू, छाती, वर्षं असं काही सांगून बघितलं. आक्का ऐकत होत्या, पण चेहरा कोराच राहिला. मग हे म्हणाले, "फवारणीच्या विषासारखंच समज. तेवढंच जपायचं."

"असं सांग की मग," आक्का म्हणाल्या. "ते का मला कळत नाय?"

हिवाळ्यात ह्यांची तब्येत झपाट्याने उतरली. घरी हवेतून ऑक्सिजन करणारं यंत्र आलं, नाकाला नळी आली. यंत्राची वायर आणि नळी पोचेल तेवढंच ह्यांचं घर उरलं, पलंगापासून न्हाणीघरापर्यंत. गाडीचं इंजिन तसंच पडून राहिलं. पडदे शिवून तयार होते, ते मी कपाटात वरच्या फळीवर टाकले. आम्ही दोघंही गोव्याबद्दल बोलायचं थांबलो. गाठोड्याची चौकशी मात्र हे अधूनमधून करत. "कळवलं का त्यांनी?" मी म्हणायचे, "नाही अजून." फोन करकरून माझा कान दुखला होता.

वैशाखात आक्का भेटायला आल्या. सोबत मोठा पत्र्याचा डबा. भावाला कुरडया आवडतात म्हणून गहू भिजवून, चीक काढून स्वतः केल्या होत्या. ह्यांच्या पलंगावर बसल्या, नळीकडे बघून डोळे पुसले आणि मग मन दुसरीकडे वळवायला गावच्या गोष्टी सांगू लागल्या. अवकाळी आला होता. कांदा काढून उघड्यावर पडलेला. झाकायला घरात धड काही नाही.

"मंग मला ध्यानात आलं," आक्का म्हणाल्या. "येवढा भारी कागद त्या रद्दीला गुंडाळून ठिवलाय. दोन दोन. सुनंला जवळ येऊ दिलं नाय बरं का, तू सांगितलं व्हतंस ना, इख हाय म्हणून. म्या एकटीनं सोडला. अंगणात चांगला झटकून घेतला, मंग तीन पाण्यानं धुतला, साबण लावला. आमी फवारणीचे ड्रम धुतो तसाच. हुंगून बघितला. कसला म्हणून वास नाय. लय कांदा वाचला, बाबा, त्या कागदानं. ह्या कुरडया पण त्याच्यावरच वाळवल्या."

ह्यांनी नाकाची नळी सारखी केली.

"आणि आतले बोर्ड?" ह्यांनी विचारलं.

"त्ये कुठं ठिवायचे? गेटापाशी ट्रॅक्टरच्या चाकानं खड्डा पडला व्हता, त्यात ठेचून घातले. झ्याक बसलंय आता. चिखल नाय व्हत."

आक्कांनी जे केलं त्यात कुठेही बेफिकिरी नव्हती, हेच मला सहन होत नव्हतं. विष म्हटल्यावर त्यांनी सुनेला लांब ठेवलं, स्वतः पुढे झाल्या आणि विषाशी जसं वागायचं असतं तसं वागल्या. द्राक्षाच्या गावात विषाला वास असतो आणि ते पाण्याने जातं. ह्याला वास नाही. आणि पाण्याच्या आधी झटकायचं असतं, हे त्यांनाही त्यांच्या आईने शिकवलं असणार.

हे आक्कांकडे वळले. मला वाटलं, आता सांगतील. त्यांनी आक्कांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "कुरडया छान झाल्यात, आक्का."

आक्का गेल्यावर मी विचारलं, "का नाही सांगितलं?"

"सांगून तिच्या छातीतलं परत बाहेर येणार आहे?" ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यांची पाठ हलत होती. ह्या माणसाने एकच गोष्ट मागितली होती, गाडी नाही, बरं होणंही नाही, आणि ती नेमकी त्याला वाढवणाऱ्या बाईच्या हातून गेली होती.

मग त्यांनी भाच्याला फोन केला. खड्डा भिजवून घे, वर जाड माती टाक, काँक्रीट करता आलं तर फारच चांगलं. भाचा "हो मामा, करतो मामा" म्हणाला. त्याचा हो कसला असतो ते मला ठाऊक आहे. आठवड्याने विचारलं तर ट्रॅक्टर अजून तिथूनच जात होता. हे उठून बसले, मला तिथे ने म्हणाले. यंत्राला वायर, वायरला भिंत. कसं नेणार?

शेवटी मीच गेले. गेटापाशी उतरले तेव्हा ऊन रणरणत होतं. चाकोरीत पांढरट करडे तुकडे दिसत होते, काही दळल्यासारखे बारीक झालेले. सून तिथूनच डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन गेली, मला बघून हसली. मास्क लावून मी पाठीवर पंप घेतला आणि पाणी मारायला लागले. पंप संपला की भरायचा आणि पुन्हा मारायचं. उन्हात ते मागच्या मागे सुकत होतं. भाच्याने माझ्यासमोर मातीची एक ट्रॉली ओतली, पायाने सारखी केली आणि म्हणाला, "झालं ना मामी आता?" मी म्हटलं, पाऊस येईल, चाकं फिरतील, माती निघून जाईल. तो म्हणाला, "मंग परत टाकू."

आक्कांनी कागद झटकला त्या अंगणात मी काय करणार होते? अंगण तर रोज झाडलं जातं. गोठ्यावर, चाळीवर, शेजाऱ्यांच्या घरांवर, सगळीकडे तेच सिमेंटचे पत्रे. त्यांतल्या जुन्यांमध्येही हेच असतं, हे आता मला कळतं. पलीकडच्या वस्तीवर कुणीतरी पंखा बसवायला पत्र्याला भोक पाडत होतं. मशीनचा आवाज येत होता. दारापाशी आमची गाडी उभी होती, तिच्या खिडकीच्या काचेवर धूळ. मी आत डोकावलेही नाही.

घरी आले तेव्हा दार लोटलेलं होतं. मी पाय आत टाकणार तेवढ्यात पलंगावरून आवाज आला.

"थांब. कपडे?"

मी जिथे होते तिथेच थांबले. मग भिंतीच्या कडेने न्हाणीघरात गेले, साडी अंगावरच ओली केली, मग सोडली आणि बादलीत दाबून बुडवली. वर बुडबुडे आले.

"झटकली नाहीस ना?" बाहेरून त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "भिजवली."

"बरं केलंस," ते म्हणाले.